उखळ-मुसळाचा अतिचार

गेल्या चातुर्मासात स्वाध्याय सुटल्यावर शेजारच्या वहिनी मागे रेंगाळल्या. मुलाला नोकरी लागली म्हणून हातात पेढ्यांचा पुडा होता, पण चेहरा काही पेढे वाटणारीचा नव्हता. "ताई, तो तोफा नाही करत हो. जुन्या रणगाड्यांना रात्री दिसायची यंत्रं बसवतात, त्यातलं काम. हे चालतं ना आपल्यात?"

मी पटकन 'चालतं' म्हणणार होते. जुनं टाकू नये, दुरुस्त करून वापरावं, हे आपल्या घराघरातलं वळण. सैन्यही तेच करतं. टी-72 रणगाडा आपल्याकडे चाळीस वर्षांहून जास्त आहे. तो मोडीत न काढता 780 अश्वशक्तीच्या जागी 1000 चं इंजिन बसवायचं, असा करार मार्च 2025 मध्ये झाला. इथे संगारेड्डीजवळ एद्दुमैलारमला कारखाना आहे, सगळे त्याला मेदकचाच म्हणतात. तिथे बनणाऱ्या बीएमपी-2 या चिलखती गाड्या. त्यातल्या 693 गाड्यांना रात्रीची नजर आणि लक्ष्याचा आपोआप माग ठेवणारी यंत्रणा द्यायचं 2024 मध्ये ठरलं. सांगाडा तोच, पट्टे तेच. नवं शस्त्र घडलंच नाही, असं वाटतं खरं.

आगमांना ही पळवाट ठाऊक होती. अधिकरणिकी क्रियेचे दोन भेद सांगितलेत: शस्त्र नव्याने घडवणं ती निर्वर्तना, आणि घडलेले भाग जोडणं, पात्याला मूठ बसवणं, ती संयोजना. मूठ बसवणारा सुटलेला नाही. आणि आपण बायका प्रतिक्रमणात 'संयुक्ताधिकरण' हा अतिचार भरभर म्हणून जातो, तो हाच. उखळापाशी मुसळ, धनुष्यापाशी बाण जोडून ठेवू नये. वेगळं असतं तोवर ते निरुपद्रवी असतं. तोफेला रात्रीचा डोळा जोडला की रात्रही तिची होते.

हे सगळं मी वहिनींना ऐकवलं, आणि माझीच मला लाज वाटली.

कारण मी दिलसुखनगरात राहते. 21 फेब्रुवारी 2013 ला, ऐन गर्दीच्या संध्याकाळी, इथे सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. सायकल आणि दारू, संयोजनाच ती. त्यानंतर महिनाभर भाजीला जाताना मी उभी केलेली प्रत्येक सायकल बघत होते, आणि चौकात बंदूकधारी दिसला की मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं म्हणजे अनुमोदना नाही तर काय? संयुक्ताधिकरण हा अनर्थदंडाचा, म्हणजे विनाकारण हिंसेचा अतिचार आहे. गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण सुटत नाही, हे धर्मानंही मानलंय. पण कारण आहे की नाही, हे ठरवतं कोण? यंत्राला ते कळत नाही. सीमेवर उभा असो की दुसऱ्याच्या गावात शिरलेला असो, रणगाडा तोच.

आणि टी-72 मध्ये तीन माणसं बसतात, आपल्याच घरातली. कांचनबाग इथून जवळ. तिथल्या प्रयोगशाळेनं अर्जुन रणगाड्यासाठी जे चिलखत केलं त्याचं नावच 'कांचन'. ते आतल्या जिवांसाठी आहे. त्या तिघांना अंधारात धाडून मी अहिंसक राहीन, असंही मला म्हणवत नाही.

"मग त्याला सांगू काय?" वहिनी म्हणाल्या.

"चालतं, असं नका सांगू. आणि पाप फक्त त्याचं, असंही नका सांगू. कृत त्याचं असेल, पण अनुमोदना माझीही आहे. त्या शब्दापाशी रोज जरा थांब म्हणावं. मीही थांबेन."

त्यांनी पुडा पुढे केला. मी अर्धा पेढा घेतला, अर्धा त्यांना दिला.