चालवणारा आणि पाठवणारा

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ माणसं गेली. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला आणि सगळी चर्चा इंधनाच्या दोन स्विचांवर येऊन अडकली. ते वैमानिकाने बंद केले की यंत्राने दगा दिला? टीव्हीवरच्या निवृत्त कप्तानांपासून नायगावच्या चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येकाचा निकाल तयार होता. अंतिम अहवालाची वाट पाहायला कोणाला सवड नव्हती.

अपघात झाला की सुकाणू कोणाच्या हातात होतं एवढंच विचारायचं, ही सवय जुनी आहे. १९५८ साली म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू गेले. वाचलेल्या वैमानिक जेम्स थेनच्या माथी पंखांवरच्या बर्फाचा ठपका बसला आणि तो पुसायला १९६९ साल उजाडलं. दोष धावपट्टीवरच्या चिखलवजा बर्फाचा निघाला. मराठवाड्याला यासाठी म्युनिकपर्यंत जायची गरज नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादच्या विमानतळावरून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ जण मेले. चौकशीत वैमानिकांची चूक निघालीच, पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखणाऱ्या विमानतळ यंत्रणेचीही निघाली.

या सगळ्यांत एमिलियानो सालाचं प्रकरण वेगळं ठरतं, कारण तिथे कायदा सुकाणूवर थांबला नाही.

साला अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातला फुटबॉलपटू, ट्रक चालवणाऱ्या बापाचा मुलगा. वय २८. फ्रान्सच्या नांत क्लबकडून तो सुमारे १ कोटी ७० लाख युरोंना वेल्सच्या कार्डिफ सिटीकडे गेला. १९ जानेवारी २०१९ रोजी तसं जाहीर झालं. जुन्या सोबत्यांचा निरोप घ्यायला तो नांतला आला आणि २१ जानेवारीच्या रात्री एका इंजिनाच्या लहानशा पायपर मलिबू विमानातून परत निघाला. इंग्लिश खाडीत गर्न्सी बेटाजवळ विमान रडारवरून दिसेनासं झालं. सरकारी शोध तीन दिवसांत थांबला. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या खासगी शोधाने ३ फेब्रुवारीला अवशेष सापडले, मागोमाग सालाचा मृतदेह. वैमानिक डेव्हिड इबट्सन सापडलाच नाही.

पुढे दोन्ही क्लबांमध्ये पैशाचं भांडण लागलं. रेल्वे रुळावरच्या प्रेतावरून दोन पोलीस ठाणी हद्दीचा वाद घालतात, तसा ‘मेला तेव्हा तो नेमका कोणाचा?’ हा वाद फिफाकडे गेला, तिथून क्रीडा लवादाकडे. ऑगस्ट २०२२ मध्ये लवादानेही सांगितलं की करार पुरा झाला होता, कार्डिफने ६० लाख युरोंचा पहिला हप्ता भरावा. वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांना हा वाद पुरून उरला. विचार करायला त्यात फारसं काही नाही.

विचार करायचा तो एका युक्तिवादाचा. तो सालाच्या वेळीही झाला आणि आपल्याकडे रोज होतो: ‘तो स्वतःच्या पायाने चढला ना?’ कार्डिफने नेहमीच्या विमानसेवेचं तिकीट देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही. विमान आपल्या डोळ्यांदेखत मोडेल की काय, असं वाटायला लावणारा त्याचा आवाजी निरोपही जगाने ऐकला. म्हणजे त्याला कळत होतं, तरी तो बसला. मग दुसऱ्याला कशाला बोल लावायचा? हा युक्तिवाद वरवर समंजस वाटतो. त्यात माणसाच्या निवडीचा मान राखल्याचा भास आहे, म्हणून तो सहज खोडताही येत नाही.

पण साला नक्की कशाला ‘हो’ म्हणाला होता? विमान लहान आहे, जुनं दिसतं, एवढं त्याला दिसत होतं. वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नाही, रात्री उडण्याची पात्रता नाही, या जातीचं विमान चालवण्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली आहे, यातलं काहीही सीटवर बसून दिसत नाही. तो निरोपही त्याने विमानात बसल्यावर पाठवला होता. आणि जे त्याच्या जिवावर उठलं ते तर कोणालाच दिसणारं नव्हतं. अशा विमानात केबिन गरम ठेवायला धुराड्याच्या नळीभोवती तापलेली हवा आत सोडतात. नळीला चीर गेली की त्या हवेसोबत कार्बन मोनॉक्साइड आत येतो; त्याला ना वास, ना रंग. सालाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी ५८ टक्के या विषारी वायूने व्यापलं होतं. २०२२ साली मृत्यूच्या चौकशीतल्या ज्युरीने निष्कर्ष काढला की विमान आदळलं तेव्हा तो गाढ बेशुद्ध होता. बेशुद्ध माणसाच्या निवडीबद्दल काय बोलणार?

कोणी म्हणेल, वायूची चीर हा योगायोग, तो वगळा. वगळू. तरीही प्रवाशाची संमती दिसणाऱ्या धोक्यापुरतीच राहते. न दिसणारा धोका ज्याला ठाऊक असतो त्याची जबाबदारी त्या संमतीने फिटत नाही. बाकी मतांची दखल थोडक्यात पुरे: ‘काळ आला होता’ म्हणणाऱ्यांशी वाद होऊ शकत नाही, आणि भरपाईचा आकडा जाहीर होताच विषय संपला असं मानणाऱ्यांना तो मुळात सुरूच करायचा नसतो.

हा धोका ठाऊक होता डेव्हिड हेंडरसनला. विमान त्याच्या मालकीचं नव्हतं आणि त्या रात्री त्याने ते चालवलंही नाही. तो बायकोबरोबर पॅरिसला सुट्टीवर होता. त्याने फक्त उड्डाण जुळवून दिलं. इबट्सनला हे विमान पुन्हा देऊ नका, असं विमानाची जबाबदारी असलेल्या बाईंनी त्याला आदल्याच वर्षी बजावलं होतं. तरी त्याने त्यालाच पाठवलं. विमान बेपत्ता झाल्यावर गप्प राहा असे संदेशही त्याने लोकांना धाडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कार्डिफच्या न्यायालयाने त्याला १८ महिन्यांची कैद दिली. शिक्षा सालाच्या मृत्यूबद्दल नव्हती. विमानाची सुरक्षा धोक्यात घालणं हा मुख्य आरोप होता, आणि परवानगीशिवाय प्रवासी नेण्याच्या प्रयत्नाची कबुली त्याने स्वतःच दिली होती. विमान सुखरूप कार्डिफला उतरलं असतं, तरी त्याने केलेली गोष्ट तीच राहिली असती.

चालक आणि मालक या जोडीपलीकडे हा तिसरा माणूस उभा आहे. मराठवाड्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन नेणारा मुकादम, लग्नसराईत पांढऱ्या पाटीच्या क्रूझरवर वऱ्हाडाचं भाडं लावून देणारा, पहाटे बायकांना ट्रॉलीत बसवून रानात धाडणारा: हे सगळे ‘पाठवणारे’. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात शेतमजूर बायका बुडाल्या. हळदीचे दिवस होते. त्या घटनेत दोष कोणाचा हे पोलिसांनी आणि न्यायालयाने ठरवायचं. पण ‘बायका बसतातच का ट्रॉलीत?’ हा प्रश्न इथे सहज विचारला जातो आणि तो सालाला विचारलेल्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. रानात वेळेवर पोचलं नाही तर रोज बुडतो, हे प्रश्न विचारणाऱ्यालाही माहीत असतं.

आपला मोटार वाहन कायदा चालकाला ओळखतो, मालकालाही ओळखतो. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकाला किंवा गाडी ताब्यात असणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. अल्पवयीनाच्या बाबतीत २०१९ च्या दुरुस्तीने ही शिक्षा तीन वर्षं आणि २५,००० रुपयांवर गेली. म्हणजे स्टिअरिंगला हात न लावणाराही गुन्हेगार असू शकतो, हे तत्त्व आपण मान्य केलेलं आहे. मात्र ज्याच्या नावावर गाडी नाही, ज्याच्या ताब्यातही ती नाही, पण ज्याने भाडं ठरवलं, माणसं भरली आणि चालक निवडला, तो या जाळ्यातून निसटतो.

प्रत्येक पाठवणारा खलनायक असतो असं नाही. मुकादमही पुष्कळदा कर्जात बुडालेला असतो, आणि ज्या वाटेवर पहाटे एसटी नाही तिथे ट्रॉलीला पर्याय काय, हा प्रश्न सरकारलाही लागू पडतो. म्हणून रेघ आणखी बारीक ओढायला हवी: नुसता पाठवणारा नव्हे, माहीत असून पाठवणारा. चालकाचे डोळे अधू आहेत, ब्रेक लागत नाहीत, ट्रॉलीत माणसं भरायला मनाई आहे, हे ज्याला ठाऊक होतं तो. हेंडरसनला १८ महिन्यांची शिक्षा झाली ती या ‘ठाऊक असण्या’बद्दल.

यासाठी अपघाताची वाट पाहावी लागत नाही. नरसीच्या चौकात लग्नाची भरलेली क्रूझर अडवली जाते तेव्हा चालकाचा परवाना मागितला जातो आणि दंड गाडीच्या नंबरावर चढतो. भाडं कोणी लावलं, हे त्याच वेळी विचारून त्या माणसाचं नाव नोंदवलं आणि दुसऱ्यांदा सापडल्यावर त्याच्यावरच खटला भरला, तर गाडीतलं वऱ्हाड त्या दिवशी सुखरूप मांडवात पोचलेलं असतानाही गुन्हा सिद्ध करता येईल.