उरलेले एकोणसत्तर

परवा मी एका दुकानदाराच्या पोराला चारचौघांत चोर म्हणालो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण कारणच तसं होतं.

हार्ड डिस्कच्या खोक्यावर छापलं होतं एक टेराबाइट, म्हणजे हजार गिगाबाइट. घरी विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडली तर तो दाखवतो ९३१! उरलेले एकोणसत्तर गेले कुठे? पायात चपला सरकवल्या आणि दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला बोलावं तसं बोलून आलो. पोरगा बिचारा एवढंच म्हणाला, "काका, सगळ्यांमध्ये एवढंच दिसतं." गवळीही हेच सांगतो.

उलगडा पुतण्याने केला. डिस्क करणारे दहाच्या पटीत मोजतात; त्यांचा गिगाबाइट शंभर कोटी बाइटांचा. विंडोज दोनाच्या पटीत मोजतं. त्याचा १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा. डिस्कवर कबूल केलेले एक लाख कोटी बाइट होतेच. पायली मोठी घेतली की तेच धान्य कमी पायल्या भरतं, झालं! या मोठ्या मापाला १९९८ साली 'गिबिबाइट' असं वेगळं नाव ठेवलं, पण विंडोज त्या बारशाला गेलेलं दिसत नाही. ॲपलने मात्र २००९ पासून दहाची पट धरली.

मला आण्यांचे दिवस आठवले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. तोवर रुपया १६ आण्यांचा, ६४ पैशांचा. म्हणजे दोनाच्याच पटीतला की! दोन आण्यांचे साडेबारा नवे पैसे व्हायचे, पण अर्धा पैसा पाडलाच नव्हता. कोष्टकात १२ च. आमची आजी शेवटपर्यंत म्हणायची, तो अर्धा पैसा सरकारने खाल्ला.

इथे तर कुणीच काही खाल्लं नव्हतं, कुणी खोटंही बोललं नव्हतं. तरी फसल्यासारखं वाटलं ते वाटलंच. शब्दाचे दोन अर्थ असताना सोयीचा तेवढा ठळक छापायचा आणि खुलासा मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, याला काय म्हणायचं? (मीही 'रोज तासभर फिरतो' म्हणताना बाकावरची चाळीस मिनिटं त्यात धरतोच म्हणा.) पण यात त्या पोराचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी गेलो. दुकानात गर्दी होती म्हणून बाहेरच थांबलो. मग आठवलं, चोर म्हणालो तेव्हाही गर्दी होतीच. शिरलो आत. "चुकलं माझं" म्हणालो खरा, पण कालच्याएवढा आवाज काही निघाला नाही.

"काय म्हणालात, काका?" पोराने विचारलं.

पुन्हा म्हणावं लागलं.