मांदराच्या साथीने उपासना

बर्लिनचे पाद्री गॉस्नर यांनी धाडलेले चार लूथरन धर्मोपदेशक १८४५ साली छोटा नागपूरच्या मुलखात, रांचीस पोहोचले, आणि त्यांनी उभारलेल्या ख्रिस्ती मंडळीचा सारा कारभार १९१९ मध्ये एतद्देशीयांच्या हाती आला. परंतु मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की, ज्यांच्या भाषा, गीते नि कुलपरंपरा परस्परांहून भिन्न, असे मुंडा, उरांव आणि खडिया लोक तेथे एकाच वेदीपुढे प्रार्थनेस उभे राहतात. हंगामाच्या उपासनेला नव्या भाताची टोपली वेदीपाशी येते, जर्मन चालीच्या स्तोत्रामागून मुंडारी गीत उठते, आणि मातीच्या मांदरावर ताणलेल्या कातड्यावर थाप पडते. शेजाऱ्याची प्रार्थना शब्दशः न उमजताही तिच्या अखेरच्या ‘आमेन’मध्ये आपला स्वर मिळविणे, हे सौजन्य मला फार थोर वाटते; त्यासाठी कुणालाही आपले गाणे उंबऱ्याबाहेर ठेवावे लागत नाही.