दगा आणि फितुरी

चामराजपेटेत सर पडून गेली की निसरड्या रस्त्याला इंग्रजी बोलणारा शेजारी ‘ट्रेचरस’ म्हणतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, त्याचा ठपका लोकस्मृतीने ज्या मीर सादिकवर ठेवला, त्यालाही हेच विशेषण लागते! आमची मराठी येथे अधिक चोखंदळ. फितूर व्हावयास खाल्ल्या मिठाचा माणूसच हवा. रस्ता फितूर होत नाही. मात्र फारसीतून आलेला ‘दगा’ आपण पावसाच्याही माथी मारतो. पावसाने वचन कधी दिले होते? भरवसा आपला, पेरणीही आपलीच. तरीही इंग्रजीपेक्षा हा आरोप आम्हांस प्रामाणिक वाटतो. निसरड्या रस्त्याच्या निंदेत केवळ छुपा धोका आहे. ‘पावसाने दगा दिला’ म्हणणारा कुणबी आपण विसंबलो होतो, हेही सांगून टाकतो. आणि पुढल्या मृगात पुन्हा पाभर जुंपतो.