दर्शनाची मर्यादा

कॅलिफोर्नियातील रेडवूड राष्ट्रीय उद्यानात ‘हायपेरियन’ नावाचा वृक्ष आहे. उंची सुमारे ११६ मीटर. ज्ञात वृक्षांत सर्वाधिक. २००६ मध्ये तो आढळला, तेव्हा त्याचे ठिकाण गुप्त ठेवले होते. तरीही ते फुटले आणि वाट नसलेल्या रानात लोक शिरू लागले. रेडवूडची मुळे खोल जात नाहीत. ती आडवी दूरवर पसरतात. पावलांखाली बुंध्याजवळची जमीन तुडवली गेली, तेथील नेचे नाहीसे झाले. अखेर २०२२ मध्ये उद्यानाने तो परिसर बंद केला. आत जाणाऱ्यास दंडाची व कारावासाचीही तरतूद केली.

तेथे जाणारे लाकूडतोडे नव्हते, वृक्षप्रेमीच होते. मग प्रेमापोटी झालेली हानी कुऱ्हाडीच्या हानीहून क्षम्य मानावी काय? हेतूंत महदंतर आहे, हे खरे. परंतु मुळांना हेतू कळत नाही, भार तेवढा कळतो. शिवाय ‘मी एकट्याने गेल्याने काय बिघडते?’ असे प्रत्येक जण म्हणतो आणि त्याच्यापुरते ते जवळजवळ खरेही असते.

पाहिल्यावाचून प्रेम कसे जडावे, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्याच उद्यानात प्राचीन रेडवूडांमधून जाणाऱ्या वाटा सर्वांस खुल्या आहेत. हायपेरियनचा शेंडा तर तळाशी उभे राहून नीट दिसतही नाही. म्हणजे ओढ वृक्षाची कमी, ‘सर्वांत उंच’ पाहिल्याच्या अभिमानाची अधिक.

गाभाऱ्यापर्यंत न पोचलेला वारकरी कळसाला हात जोडतो आणि त्याची वारी पुरी होते. श्रद्धेला दुरून थांबता येते. थांबणे जड जाते ते आपल्या अहंतेला.