भरपाई कोणाला?

16 एप्रिल 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली आणि वॉशिंग्टन शहर व त्याच्या जिल्ह्यातले सुमारे 3,000 गुलाम मोकळे झाले. यादवी युद्ध सुरू होऊन वर्ष लोटले होते. राजधानीतली माणसांची मालकी संपली हे मोठेच पाऊल होते. पण त्याच कायद्यात पैशांचीही तरतूद होती. मोकळ्या झालेल्या प्रत्येक माणसामागे 300 डॉलरपर्यंत रक्कम सरकार देणार होते, आणि ती मालकांना. आयुष्यभर राबलेल्या माणसाला काही मिळणार असेल तर ते जास्तीत जास्त 100 डॉलर. तेही देश सोडून हैती, लायबेरिया किंवा अशाच दुसऱ्या मुलुखात जायची तयारी असेल तर.

चांगल्या हेतूने कायदा करणाऱ्या माणसांनाही नुकसान मालकाचेच झाले असे का वाटावे? याचे उत्तर दोनशे वर्षे मागे, व्हर्जिनियात आहे.

1619 च्या ऑगस्टमध्ये ‘व्हाइट लायन’ नावाचे जहाज व्हर्जिनियात पॉइंट कम्फर्टला लागले. एका पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेले वीसेक अंगोलन बंदिवान त्यावर होते. अन्नधान्याच्या बदल्यात ते वसाहतवाल्यांच्या हवाली झाले. या माणसांचा दर्जा काय, हे तेव्हा व्हर्जिनियाच्या कायद्यात कुठेच लिहिलेले नव्हते. मुदतबंदीवर राबणारे गरीब इंग्रज नोकर आणि हे आफ्रिकन तंबाखूच्या एकाच शेतात घाम गाळत. 1621 च्या सुमारास ‘अँटोनिओ’ म्हणून नोंदलेला एक आफ्रिकन पुढे मोकळा झाला, अँथनी जॉन्सन या नावाने संसार थाटला आणि 1651 मध्ये 250 एकरांचा धनी झाला. पुढे त्याच्याही पदरी एक आफ्रिकन गुलाम होता, हेही सांगायला हवे. 1670 मध्ये तो वारला, तेव्हा व्हर्जिनियातल्या पंचांनी निवाडा दिला की तो काळा, म्हणून परका. तेव्हा त्याची जमीन सरकारजमा करता येईल. एका माणसाच्या हयातीत कायदा एवढा फिरला होता.

या फिरण्यात एका बाईच्या खटल्याचा मोठा वाटा आहे. एलिझाबेथ की यांची आई आफ्रिकन, बाप इंग्रज. मालकाच्या मृत्यूनंतर त्यांना कायमचे गुलाम ठरवले गेले तेव्हा त्यांनी दावा लावला. इंग्रजी रिवाजाप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरतो, शिवाय माझा बाप्तिस्मा झालेला आहे, असे त्यांचे म्हणणे. 1656 मध्ये त्या सुटल्या. पुढच्या काही वर्षांत व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने या दोन्ही वाटा बुजवल्या. 1662 मध्ये ठरले की मूल आईच्या दर्जाचे: आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप कोणी का असेना. 1667 मध्ये ठरले की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामी सुटत नाही. 1669 मध्ये आणखी पुढची पायरी आली. शिक्षा करताना मालकाच्या हातून गुलाम मेला तर तो गुन्हा धरू नये, कारण स्वतःची मालमत्ता कोण मुद्दाम नासवील, असा त्यामागचा युक्तिवाद.

या तीन कायद्यांत 1662 चा मला सर्वांत भयंकर वाटतो. त्याने बाईचे गर्भाशय मालकाच्या मिळकतीत जमा केले. बळजबरी करणाऱ्या मालकाला शिक्षा तर नाहीच, उलट त्या बळजबरीतून जन्मलेले स्वतःचे मूल त्याला विकता येऊ लागले. पुढच्या आकड्यांचा उलगडाही इथूनच होतो. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट आणलेली माणसे सुमारे चार लाख. 1808 पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली. तरी 1860 च्या जनगणनेत गुलामांची संख्या 39 लाख 50 हजारांच्या वर भरली. 1793 मध्ये कापसाची सरकी काढणारे एली व्हिटनीचे यंत्र आले, कापसाची लागवड पश्चिमेकडे पसरत गेली, आणि व्हर्जिनिया-मेरीलँडकडची लेकरे आयांपासून तोडून मिसिसिपी-अलाबामाच्या मळ्यांवर विकली जाऊ लागली. माणूस तारण ठेवून कर्ज काढता येई, तो वारसाहक्काने वाटून घेता येई. दोनशे वर्षे ज्याची मालमत्ता म्हणून नोंद झाली, त्याची सुटका कायद्याला मालकाची तूट म्हणूनच दिसणार.

दुसरा हिशेब मांडणारी माणसे मात्र होती. 1783 मध्ये बेलिंडा नावाच्या वृद्ध आफ्रिकन बाईंनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. आयझॅक रॉयल या धनाढ्याच्या घरी त्यांची सारी उमर गेली होती. स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी रॉयल इंग्लंडला निघून गेला. त्याची संपत्ती काही अंशी आपल्या श्रमांतून उभी राहिली आहे, तेव्हा तीतून आपल्याला आणि आपल्या आजारी मुलीला निर्वाहापुरते मिळावे, एवढीच मागणी होती. वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग मंजूर झाले. पण पैसे थांबले आणि बाईंना पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. याच रॉयलच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून हार्वर्डमध्ये कायद्याचे पहिले अध्यासन सुरू झाले.

12 जानेवारी 1865 ची सव्हानातली बैठक माझ्या मते अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या संभाषणांपैकी एक आहे. केंद्र सरकारच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारले की तुम्हाला काय हवे. त्यांच्या वतीने 67 वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी 1,000 डॉलर मोजून स्वतःला आणि पत्नीला सोडवून घेतले होते. गुलामी म्हणजे दुसऱ्याचे श्रम त्याच्या संमतीवाचून, जबरदस्तीने घेणे, अशी व्याख्या त्यांनी केली. आणि मग मागितली जमीन: स्वतःच्या मेहनतीने कसता येईल, पुढे विकत घेता येईल अशी. मंत्र्याच्या पुढ्यात बसून त्या म्हाताऱ्याने गुलामी आणि स्वातंत्र्य दोन्हींचे अर्थशास्त्र चार वाक्यांत सांगितले.

चारच दिवसांत शर्मन यांचा 15 क्रमांकाचा आदेश निघाला. चार्ल्सटनच्या दक्षिणेकडची समुद्रबेटे आणि किनारपट्टीवर मालक सोडून गेलेली भातखाचरे मोकळ्या झालेल्या कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी 40 एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे 40,000 माणसे चार लाख एकरांवर वसली. पण एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला होता. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मालकांना माफी दिली आणि त्यांच्या जमिनीही परत केल्या. ही बातमी सांगायला ऑक्टोबरमध्ये मोकळ्या झालेल्या लोकांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड एडिस्टो या समुद्रबेटावर गेले. मालकांना माफ करा, असे त्यांनी लोकांना विनवले. लोकांनी समिती नेमून लेखी उत्तर दिले. ज्याने मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला, बहिणीला चाबकाने फोडले, आणि आता जो मला जमिनीपासून दूर ठेवतो, त्याला मी कसे माफ करू, असा त्यांचा सवाल होता.

जमीन द्यायला सरकारची ना होती असे नाही. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे वस्तीला जाणाऱ्याला 160 एकर जवळजवळ फुकट मिळत होते. ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, आणि तिचा लाभ बहुतांशी गोऱ्यांना झाला. दक्षिणेतली मोकळी माणसे जुन्याच मालकाच्या रानात वाट्याने कसू लागली. बियाणे उधार, खाणे उधार, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबाची वही मालकाच्या किंवा दुकानदाराच्या हाती. दक्षिणेतल्या राज्यांनी 1865-66 मध्ये भटकेपणाचे कायदे केले; काम नसलेल्या काळ्या माणसाला पकडून दंड करायचा आणि दंड फेडण्यासाठी मळेवाल्याकडे जुंपायचे. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी रद्द केली खरी, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, असा अपवाद तिच्यातच होता.

मराठी वाचकाचे या इतिहासाशी जुने नाते आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्सला गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कित्येक डझन कृष्णवर्णीयांना ठार केले, आणि 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोजक्या आरोपींना झालेली शिक्षाही टिकू दिली नाही. म्हणून काही जोतीरावांची कृतज्ञता अस्थानी ठरत नाही. गुलामी संपवणारी माणसे खरी होती आणि त्यांनी प्राण वेचले होते. पण कर्जात बुडालेल्या कुणब्यासाठी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांना गॅरिसन फ्रेझियर यांचे म्हणणे कोणाहीपेक्षा लवकर कळले असते, याबद्दल मला शंका नाही.

मोकळ्या माणसांनी हिशेब सोडला नव्हता. टेनेसीत गुलामीत जन्मलेल्या कॅली हाउस नॅशव्हिलमध्ये कपडे धुऊन मुले वाढवत. 1890 च्या दशकात त्यांनी माजी गुलामांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून संघटना उभारली आणि गावोगाव फिरून लाखो लोक जोडले. 1915 मध्ये त्यांच्या संघटनेच्या वतीने सरकारवर दावा लावला गेला. युद्धकाळात आणि नंतर कापसावरच्या करातून सरकारने 6 कोटी 80 लाख डॉलर जमवले. तो कापूस आमच्या हातांनी पिकवला, असे त्यांचे म्हणणे. सरकारवर त्याच्या संमतीवाचून दावा चालत नाही, या मुद्द्यावर तो फेटाळला गेला; मागणी रास्त की गैर, हा प्रश्न न्यायालयाने तपासलाच नाही. 1917 मध्ये कॅली हाउस यांनाच टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात पाठवले. 1928 मध्ये त्या वारल्या. गुलामीत केलेल्या कामापोटी अमेरिकेच्या केंद्र सरकारने माजी गुलामांना निवृत्तिवेतन कधीच दिले नाही.