दुकानाचा डोळा आणि साक्षीचे दायित्व

दुकानाच्या दर्शनी भागी बसवलेला कॅमेरा हा मूळचा मालाचा राखणदार. गल्ल्यातली रक्कम, फळीवरचा माल आणि नोकरांचा प्रामाणिकपणा यांवर नजर राहावी म्हणून मालक तो विकत घेतो. परंतु भिंगाला मालकीची हद्द कळत नाही. दुकानाची पायरी जेथे संपते तेथे त्याची दृष्टी संपत नाही. समोरचा पदपथ, पलीकडचा बसथांबा, कोपऱ्यावरचा फेरीवाला हे सारे त्याच्या कक्षेत येते. एखाद्या रात्री त्या रस्त्यावर गुन्हा घडतो, दुसऱ्या दिवशी पोलीस दुकानात येऊन रात्रीचे चित्रण मागतात, आणि खाजगी मालमत्तेसाठी ठेवलेली वस्तू एकाएकी सार्वजनिक सुरक्षिततेचे साधन होते. त्या क्षणी दुकानदाराची भूमिका कोणती? तो साक्षीदार असतो की खबऱ्या? प्रश्न वरवर शाब्दिक वाटला, तरी नागरिक आणि शासन यांच्या नात्याचे स्वरूप त्याच्या उत्तरावर ठरते.

व्यापाऱ्याने नगराच्या राखणीत वाटा उचलावा, ही अपेक्षा यंत्रयुगात जन्मलेली नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात ‘नागरिक’ म्हणजे नगराचा अधिकारी, याची कर्तव्ये सांगितली आहेत. धर्मशाळा चालवणाऱ्याने उतरलेल्या प्रवाशांची वर्दी द्यावी, मद्य व शिजवलेले अन्न विकणाऱ्यांनी ओळखीच्या माणसालाच आसरा द्यावा, हात सैल सोडून खर्च करणाऱ्याची खबर पोचवावी, लपूनछपून जखमेवर उपचार करून घेणाऱ्याविषयी वैद्याने कळवावे, अशी ती व्यवस्था आहे. दुकान हा राज्यसंस्थेचा डोळा आहे, ही कल्पना तेथे पूर्ण विकसित झालेली दिसते. मात्र घडलेल्या गोष्टीविषयी खरे सांगणे आणि माणसांवर सतत पाळत ठेवून कळवत राहणे, या दोन निराळ्या कृतींमध्ये कौटिल्य भेद करीत नाही. त्याच्या राज्यात दोन्ही एकाच कर्तव्याची रूपे आहेत.

महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत राखणीचे निराळे रूप आढळते. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराचे काम नोंदलेले आहे. चोरी झाली की तो पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग पुढे गेलेला असल्यास तो शेजारच्या गावाच्या रखवालदाराच्या हवाली करी. ज्या गावात माग संपे, त्या गावावर चोर हजर करण्याची किंवा नुकसान भरून देण्याची जबाबदारी येई. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. राखणीचे हे काम जातीने लादलेले होते आणि जागल्या रात्रभर ज्या गावाची राखण करी, त्या गावात त्याला स्वतःला स्थान नव्हते. तरीही तिच्यातील एक तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे: पाहणाऱ्याला जाब विचारता येई. पाहणे आणि उत्तरदायी असणे या गोष्टी तेथे विलग झालेल्या नव्हत्या.

आधुनिक भारतात दुकानाच्या डोळ्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, त्याचे ठळक उदाहरण हैदराबादचे आहे. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी तेथील दिलसुखनगर या गजबजलेल्या व्यापारी भागात दोन बॉम्बस्फोट झाले. त्याच वर्षी तत्कालीन आंध्र प्रदेश राज्याने सार्वजनिक सुरक्षिततेच्या उपाययोजनांचा कायदा केला. ज्या आस्थापनेत एका वेळी शंभर किंवा दिवसाकाठी पाचशे माणसे जमण्याचा संभव आहे, तिने सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, चित्रण तीस दिवस जपून ठेवावे आणि त्या भागाच्या पोलीस निरीक्षकाने मागितल्यास ते द्यावे, असे बंधन त्याने घातले.

या बंधनामागील तर्क निराधार नाही. त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी स्फोट झाले, तेव्हा रस्त्यापलीकडील एका मोठ्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण संशयितांचा छडा लावण्यात मोलाचे ठरले आणि तीन दिवसांत त्यांची छायाचित्रे जगासमोर आली. अशा तपासात क्वचितच एका चित्रातून सर्व उलगडते. एका दुकानासमोरून गेलेला माणूस पुढच्या दुकानासमोर किती वेळाने दिसला, वाहन कोणत्या गल्लीत वळले, असे दुवे जोडीत तपास पुढे सरकतो. शिवेवरून शिवेकडे जाणारा जुना माग आज दुकानावरून दुकानाकडे जातो, एवढाच फरक. म्हणूनच कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असणे, जुन्या चित्रणावर नवे चढण्यापूर्वी ते वेगळे काढून ठेवणे आणि ते कोणी, केव्हा, कोणाच्या हाती दिले याची नोंद राहणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर न्यायदान अवलंबून असते. ज्या कुटुंबाचा माणूस रस्त्यावर मारला गेला, त्याच्या दृष्टीने ती तीस दिवसांची साठवण म्हणजे न्यायाची शेवटची आशा असू शकते. चित्रण देण्यास सरसकट नकार देणाऱ्याने या कुटुंबाला उत्तर दिले पाहिजे.

तथापि कॅमेरा पाहतो, म्हणजे तो साक्षी होतो काय? पाणिनीच्या परंपरेत साक्षी म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. सांख्यांनी पुरुषाला साक्षी म्हटले तेव्हा त्याला उदासीन आणि अकर्ताही म्हटले. या अर्थाने कॅमेरा आदर्श सांख्य साक्षी ठरेल: सर्व पाहणारा, कशातही न गुंतणारा. न्यायालयाला अभिप्रेत असलेला साक्षीदार मात्र निराळा आहे. तो शपथ घेतो, उलटतपासणीला सामोरा जातो, खोटे बोलल्यास शिक्षेस पात्र होतो. यंत्राला शपथ देता येत नाही. म्हणून कायदा त्याच्यामागच्या माणसाला पुढे बोलावतो. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीच्या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा प्रश्न उभा राहिला. मूळ साधन न्यायालयापुढे आणले नसल्यास अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ही अट कायम ठेवली आहे. चित्राखाली कोणीतरी सही केली पाहिजे, या तांत्रिक भासणाऱ्या नियमात एक नैतिक सत्य दडलेले आहे. माणसाने पत्करल्यावाचून पाहिलेल्याची साक्ष होत नाही.

हे पत्करणे जेथे गळून पडते तेथे काय घडते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १२ फेब्रुवारी १९९३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूलजवळच्या बूटल येथील एका बाजारसंकुलात दहा वर्षांची दोन मुले एका दोन वर्षांच्या बालकाला हाताला धरून नेत असताना कॅमेऱ्याने टिपली. त्या बालकाची हत्या झाली. चित्रणाने शोधाला दिशा दिली आणि पुढे त्या देशात सार्वजनिक कॅमेऱ्यांच्या विस्ताराला या प्रतिमेने मोठा आधार पुरवला. पण त्या अडीच मैलांच्या वाटेवर अडतीस माणसांनीही ती मुले पाहिली होती. काहींनी हटकले, उत्तर ऐकले आणि ते पुढे गेले. यंत्राने पाहिले आणि माणसांनीही पाहिले; कमी पडली ती पाहिलेल्याची जबाबदारी घेणारी वृत्ती. कॅमेऱ्यांची संख्या वाढवून ही उणीव भरून निघत नाही. उलट, कोणीतरी पाहतच आहे या भरवशावर ती वाढण्याचा धोका संभवतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे. तेथे १ जानेवारी २०१६ रोजी आठ पेट्रोल पंपांपासून एक योजना सुरू झाली. व्यावसायिकांनी स्वतःच्या खर्चाने कॅमेरे बसवावेत, त्यांचे थेट चित्रण पोलिसांच्या केंद्राकडे जावे आणि दारावर हिरवा दिवा लुकलुकावा, असे तिचे स्वरूप आहे. घटनेनंतर मागितलेली साक्ष येथे घटनेपूर्वीच्या अखंड पाळतीत रूपांतरित झाली. त्याच शहरातील, परंतु वेगळ्या एका प्रकरणात २०१८ साली दुकानातून घड्याळे चोरीस गेली. अंधूक चित्रणातील चेहरा संगणकाने वाहन परवान्यावरील जुन्या छायाचित्राशी जुळवला. दुकानाच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या व्यक्तीने ती ओळख पटवली. पण त्या व्यक्तीने चोरी प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती, पाहिले होते ते केवळ चित्रण. जानेवारी २०२० मध्ये एका निरपराध कृष्णवर्णीय माणसाला त्याच्या पत्नी आणि लहान मुलींच्या देखत अटक झाली. पुढे २०२४ मध्ये न्यायालयीन तडजोडीनुसार, केवळ यंत्राने जुळवलेल्या चेहऱ्यावरून अटक करू नये, असे बंधन तेथील पोलिसांनी स्वीकारले. साक्षीदाराची जागा जेथे चित्राने घेतली, तेथे चित्र पाहणाराच साक्षीदार म्हणून उभा राहिला, ही या प्रकरणातील विसंगती अंतर्मुख करणारी आहे.

भिंग सर्वांना सारखेच पाहते, असा युक्तिवाद यावर केला जातो. परंतु भिंगामागे बसलेला माणूस सर्वांना सारखे पाहत नाही. १८७१ च्या कायद्याने या देशातील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये संपूर्ण देशातून रद्द झाला. नजर मात्र तितक्या सहजपणे रद्द होत नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने ती नजर झेलणाऱ्यांचे जगणे मराठी साहित्यात आणले. ज्याच्यावर संशय आधीच ठरलेला आहे, त्याच्यासाठी प्रत्येक नवा कॅमेरा हा जुन्या संशयाला मिळालेला नवा पुरावा ठरू शकतो. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण उच्चारणे ज्यांना सोपे जाते, त्यांना बहुधा कोणी रस्त्यात थांबवलेले नसते.

हैदराबादच्या पोलिसांनी नागरिकांना व व्यापाऱ्यांना कॅमेरे बसवण्याचे आवाहन केले, त्या मोहिमेचे नाव ‘नेनु सैतं’, म्हणजे ‘मीसुद्धा’. हे शब्द तेलुगू वाचकाला श्री श्री या कवीची आठवण करून देतात. त्यांच्या कवितेतला ‘मी’ जगाच्या कार्यात आपला स्वतःचा वाटा अर्पण करतो. कॅमेरा बसवणारा दुकानदारही पैसा आणि श्रम देतो, हे मान्य केले पाहिजे. पण तो जे मुख्यत्वे देतो ते त्याचे स्वतःचे नसते. तो देतो दुसऱ्याचा चेहरा, दुसऱ्याची वाट, दुसऱ्याची वेळ. दवाखान्यातून डोळे पुसत निघालेली बाई, नोकरी गेल्याचे घरी न सांगता बाकावर बसून राहिलेला माणूस, यांना कोणी विचारलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. दुकानदाराच्या यंत्रात साठलेले चित्रण या दृष्टीने त्याची मालमत्ता राहत नाही. ती त्याच्याकडे सोपवलेली ठेव होते, आणि ठेवीचा विनियोग धन्याच्या लहरीने करता येत नाही.

साक्षीदार आणि खबऱ्या यांतील भेद येथे स्पष्ट होतो. साक्षीदाराला विशिष्ट घटनेविषयी विचारले जाते. तो उघडपणे उत्तर देतो, आपले नाव लावतो, आणि त्याचे काम तेथे संपते. खबऱ्याचे काम संपत नाही. त्याला घटनेची गरज नसते, माणसे पुरतात. पोलिसांनी घटना, स्थळ आणि वेळ सांगून लेखी मागणी करावी, दुकानदाराने तेवढेच चित्रण द्यावे आणि उरलेले मुदत संपताच पुसले जावे, या मर्यादेत कॅमेरा साक्षीचे साधन राहतो. ही मर्यादा तपासाला दुबळे करीत नाही. न्यायालयात टिकणारा पुरावा अशाच शिस्तीतून तयार होतो.

या शिस्तीची दुसरी बाजू शासनाकडे आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, ते अशक्य असल्यास किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. कोठडीतील छळाला आळा बसावा हा त्याचा हेतू होता. तरीही ठाण्यांमधील बंद कॅमेऱ्यांचा प्रश्न न्यायालयाला २०२५ मध्ये स्वतःहून हाती घ्यावा लागला. दुकानाचा डोळा उघडा हवा आणि ठाण्याचा मिटलेला चालेल, अशी व्यवस्था सुरक्षिततेची म्हणता येणार नाही. जो पाहू मागतो त्याने स्वतःही दिसले पाहिजे.

रात्री दुकान बंद होते, दिवे मालवले जातात, कॅमेरा जागा राहतो. मात्र जागे असणे ही यंत्राची स्थिती आहे. जागरूकता हा माणसाचा गुण आहे. सकाळी दार उघडणाऱ्या दुकानदाराला आदल्या रात्रीचे चित्रण कोणी मागितले, तर ते द्यावे की नाही, किती द्यावे, कोणत्या कारणासाठी द्यावे, हे त्यालाच ठरवायचे असते. समोरच्या पदपथावरची माणसे त्याची गिऱ्हाइके असोत वा नसोत, त्या ठरवण्यात त्यांची सुरक्षितता आणि त्यांची प्रतिष्ठा या दोन्हींचा भार त्याच्यावर असतो.